अंजिराचे झाड आणि एका वर्षाची मुदत



बाजारात पुरंदरच्या अंजिरांच्या पाट्या दिसू लागल्या, की उन्हाळा आला असे आपण समजतो. सासवड-दिवे भागातला शेतकरी अंजिराचे दोन बहार सांगतो : एक खट्टा आणि दुसरा मिठा. उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येणारा मिठा बहार गोडीला सरस. २०१६ मध्ये ह्या पुरंदरी अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘अंजीर’ हे नाव आपल्याकडे फारसीतून आले; परंतु त्याच्या कुळाशी आपली ओळख फार जुनी आहे. वड, पिंपळ आणि उंबर ही सारी त्याचीच भावंडे. उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. अंजिराचेही तसेच आहे. त्याची फुले फळाच्या पोटातच दडलेली असतात. बाहेरून पाहणाराला दिसते ते पान आणि फळ एवढेच. एवढी गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण आज ज्या झाडाविषयी आम्हांला बोलायचे आहे, त्याचा सारा इतिहास पान आणि फळ ह्या दोन शब्दांत सापडतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथात ह्या झाडाची एक कथा आहे, ती प्रथम वाचणारा कोणीही चमकतो. येशू ख्रिस्त भुकेला होता, अंजिराच्या झाडाजवळ गेला, त्याला फळ मिळाले नाही, आणि त्याने झाडाला शाप दिला. झाड वाळून गेले. आपल्या पुराणांत शापांना तोटा नाही. दुर्वासांच्या कथा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. परंतु वैऱ्यांनाही क्षमा करा असे सांगणाऱ्याने एका मुक्या झाडावर का रागवावे? त्या झाडाचा अपराध तो काय? आणि ते झाड म्हणजे नेमके कोण? ह्या शेवटच्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांपैकी काही उत्तरांनी माणसे सुधारली, तर काहींनी माणसांविषयी द्वेष पेरला. हा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. आम्ही धर्मोपदेशक नव्हे. इतिहासाचे एक वाचक म्हणूनच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम त्या देशाकडे वळू. यार्देन नदीच्या खोऱ्यात, यरीहो गावाच्या उत्तरेस गिल्गाल नावाची एक प्राचीन वस्ती उत्खननात सापडली. तेथील एका घरात जळून कोळसा झालेली नऊ अंजिरे मिळाली. त्यांचे वय सुमारे ११,४०० वर्षे ठरले, आणि २००६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही अंजिरे मुद्दाम फांद्या लावून वाढविलेल्या झाडांची असावीत, असे त्या संशोधकांचे मत. ते सर्वांनी मान्य केलेले नाही. पण त्या भूमीत माणूस अंजीर खातो आहे त्यास दहा हजारांहून अधिक वर्षे झाली, ह्यात शंका नाही.

अशा झाडाला धर्मग्रंथात स्थान मिळाले नसते तरच नवल. यहुद्यांच्या पवित्र ग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, वचनदत्त भूमीची सात पिके सांगितली आहेत. गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध ही ती सात. शलमोन राजाच्या काळी सुबत्ता व शांतता होती हे सांगताना ग्रंथकार म्हणतो, की प्रत्येक माणूस आपापल्या द्राक्षवेलाखाली व अंजिराखाली निर्धास्त बसत असे. मीखा ह्या संदेष्ट्याने तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याच्या दिवसांचे स्वप्न रंगविले, तेव्हा त्यालाही हेच चित्र सुचले. आपल्याकडे ‘दारी तुळस, गोठ्यात गाय’ म्हटले की जे घर डोळ्यांपुढे उभे राहते, तसेच हे. अंजिराची सावली म्हणजे भयमुक्त घर, हा त्या झाडाचा पहिला अर्थ होय.

दुसरा अर्थ पानाचा. आदाम आणि हव्वा ह्यांनी वर्ज्य केलेले फळ खाल्ले, त्यांना आपल्या नग्नतेची लाज वाटली, आणि त्यांनी अंजिराची पाने शिवून कमरेला गुंडाळली. ते वर्ज्य फळ कोणते हे ग्रंथात सांगितलेले नाही. युरोपात पुढे ते सफरचंद ठरले. लॅटिन भाषेत ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ ह्या अर्थांचे शब्द सारखे दिसतात, त्याचाही ह्याला हातभार लागला असावा. मायकेलअँजेलोने मात्र रोमच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या छतावर १५०८ ते १५१२ ह्या काळात जी चित्रे काढली, त्यांत ते झाड अंजिराचेच दाखविले आहे. ते असो. फळ कोणतेही असले, तरी पान अंजिराचे होते. आणि ते झाकण्यासाठी वापरले गेले, हे आपण विसरू नये.

तिसरा अर्थ संदेष्ट्यांनी दिला. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील होशेय म्हणतो, की रानात अंजिराचे पहिले पिकलेले फळ सापडावे तसे इस्राएलचे पूर्वज देवाला वाटले. मीखा खंत करतो, की देशात सज्जन शोधणे म्हणजे हंगाम संपल्यावर मळ्यात अंजीर शोधणे झाले आहे. यिर्मयाला मंदिरापुढे ठेवलेल्या अंजिरांच्या दोन टोपल्या दिसल्या. एका टोपलीत उत्तम फळे, दुसरीत तोंडात घालवणार नाहीत इतकी नासकी. उत्तम फळे म्हणजे बाबिलोनात कैद होऊन गेलेले लोक, आणि नासकी म्हणजे सिद्कीया राजाबरोबर मागे राहिलेले. दोन्ही टोपल्या एकाच समाजाच्या होत्या. हे संदेष्टे यहुदीच होते, आणि ज्यांना बोल लावीत होते तेही यहुदीच होते. घरातल्या वडीलधाऱ्याने घरच्यांना रागे भरावे, तसा हा प्रकार होता. रागे भरणाराला घर सोडायचे नव्हते, घर सुधारायचे होते.

येशूदेखील ह्याच परंपरेतला, यहुदी घरात वाढलेला. म्हणून त्याची कथा ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानात ती अशी आहे. वल्हांडण सणाचे दिवस होते, म्हणजे आपल्या चैत्राच्या आसपासचे. येशू बेथानी गावाहून सकाळी यरुशलेमास निघाला. दोन्ही गावांत अंतर सुमारे एक कोसाचे. वाटेत दूरवर पानांनी भरलेले अंजिराचे झाड दिसले. जवळ जाऊन पाहतो तो पानांशिवाय काही नाही. तो अंजिरांचा हंगाम नव्हता असे मार्क स्वतःच नमूद करतो, आणि वाचकाला कोड्यात टाकतो. हंगाम नसेल तर दोष कोणाचा?

ह्याचे उत्तर अंजिराच्या वाढीत शोधले गेले आहे. पॅलेस्टाइनमध्येही अंजिराला दोन बहार येतात. हिवाळ्यात झाड निष्पर्ण होते. वसंतात गेल्या वर्षीच्या लाकडावर लहान हिरवी फळे धरतात, आणि साधारण त्याच सुमारास नवी पालवी फुटते. ही पहिली फळे जूनच्या आसपास पिकतात. मोठा बहार ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. म्हणजे वल्हांडणाच्या वेळी पिकले अंजीर मिळण्याची आशा नव्हती; परंतु झाड पानांनी भरले असेल, तर त्यावर निदान कच्ची फळे असावयास हवीत. ज्या झाडाला पाने आहेत पण कच्चे फळही नाही, ते त्या वर्षी फळणार नाही. पानांनी आश्वासन दिले होते आणि फळाने ते मोडले. झाडाचा दोष म्हणायचा तर तो एवढाच.

परंतु मार्काला शेतीशास्त्र सांगायचे नव्हते. त्याच्या रचनेकडे पाहा. शापाचा प्रसंग सांगून तो कथा मध्येच सोडतो. येशू यरुशलेमच्या मंदिरात जातो, तेथील सराफांचे चौरंग उलथून टाकतो, कबुतरे विकणारांना हुसकून लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्यांना तेच झाड मुळापासून वाळलेले दिसते. मंदिराची कथा झाडाच्या कथेच्या दोन भागांत बसविली आहे. तात्पर्य उघड आहे. बाहेरून डोळे दिपविणारे मंदिर, आत चाललेला बाजार. पाने भरपूर, फळ नाही. हेरोदाने ख्रिस्तपूर्व २० च्या सुमारास ज्याची उभारणी सुरू केली ते हे भव्य मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत ह्याने उद्ध्वस्त केले. मार्काचे लेखन त्याच वर्षांच्या आसपासचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या पहिल्या वाचकांना हे वाळलेले झाड कशासारखे वाटले असेल ते निराळे सांगायला नको. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. झाड वाळलेले पाहिल्यावर येशू शिष्यांना जो उपदेश करतो, त्याचा शेवट क्षमेने होतो. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा ज्याच्याविषयी मनात काही असेल त्याला क्षमा करा, असा त्याचा आशय आहे. शापाच्या कथेला क्षमेचे शेपूट आहे.

लूकाने ही शापाची कथा घेतलीच नाही. त्याच्या ग्रंथात त्याऐवजी एक दृष्टांत आहे, आणि आमच्या मते अंजिराच्या सगळ्या कथांत तो श्रेष्ठ आहे. त्याचा प्रसंग पाहिला पाहिजे. काही लोक बातमी घेऊन आले, की रोमन सुभेदार पिलात ह्याने गालीलच्या काही यात्रेकरूंना यज्ञ करीत असतानाच मारिले. येशूने त्यांना उलट विचारले, की ते गालीलकर इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हांला वाटते काय? शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली, ती यरुशलेमातील इतर सर्वांपेक्षा अपराधी होती काय? दुसऱ्यावर संकट आले, की ‘त्याच्या कर्माची फळे’ म्हणून मोकळे व्हायचे, ही मनुष्यस्वभावाची खोड सर्व देशांत सारखीच. येशूने ती तेथल्या तेथे मोडून काढली, प्रश्न ऐकणाऱ्यांवरच उलटविला, आणि मग दृष्टांत सांगितला.

एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. मालक तीन वर्षे येऊन पाहत होता, फळ नाही. तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, उगाच जागा अडविते आहे. माळी म्हणाला, महाराज, एवढे एक वर्ष राहू द्या. मी त्याच्या भोवती खणतो, खत घालतो. फळले तर बरेच झाले. नाही तर मग तोडा. दृष्टांत येथेच संपतो. मालकाने काय उत्तर दिले, पुढच्या वर्षी झाड फळले की नाही, हे लूक सांगत नाही. गोष्ट अर्धवट ठेवली आहे, कारण तिचा शेवट ऐकणाऱ्याने करावयाचा आहे.

आता ह्या झाडाचा पुढचा प्रवास पाहू. इ. स. ३८६ ह्या एका वर्षाकडे आपण लक्ष द्यावे. त्या वर्षी इटलीतील मिलान शहरात, एका घराच्या बागेत, बत्तिशीच्या आत-बाहेरचा एक विद्वान गृहस्थ रडत होता. त्याचे नाव ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला, वक्तृत्वाचा अध्यापक, बुद्धीने तल्लख, पण मनाने दुभंगलेला. काय करावे ते कळत होते आणि वळत नव्हते. तो मित्रापासून दूर जाऊन एका अंजिराच्या झाडाखाली पडला. शेजारून एका मुलाचा आवाज आला, तो उचलून वाचण्याविषयी काही म्हणत होता. ऑगस्टीनने पौलाची पत्रे उघडली, जो भाग दृष्टीस पडला तो वाचला, आणि त्याचे जीवन पालटले. पुढच्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. ही हकीकत त्याने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेविली आहे. ते झाड खरोखरच अंजिराचे होते, की त्याने ते अर्थासाठी घातले, असा प्रश्न प्येर कूर्सेल ह्या फ्रेंच पंडिताने १९५० मध्ये उपस्थित केला, आणि त्यावर विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली.

प्रश्न वाजवी आहे, कारण ऑगस्टीनच्या मनात हे झाड खोल रुजलेले होते. योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल नावाचा एक निष्कपट यहुदी आहे. त्याला येशू सांगतो, की फिलिपाने तुला बोलावण्यापूर्वीच, अंजिराखाली असताना मी तुला पाहिले. त्यावर प्रवचन करताना ऑगस्टीन म्हणतो, की अंजीर म्हणजे पाप. आदामाने ज्या पानांनी अंग झाकले तीच ही सावली, आणि आपण सारे तिच्याखाली बसलेले असताना देवाने आपल्याला पाहिले. लूकाच्या दृष्टांताचा अर्थही तो असाच लावतो. झाड म्हणजे संपूर्ण मानवजात. मालकाची तीन वर्षे म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रापूर्वीचा काळ, नियमशास्त्राचा काळ आणि कृपेचा काळ. माळ्याचे खत म्हणजे पश्चात्तापाची दीनता.

दोनशे वर्षांनी रोमचा धर्मगुरू पहिला ग्रेगरी ह्याने ह्याच दृष्टांतावर प्रवचन केले, त्यात एक मुद्दा असा आहे की तो आजच्या कोणत्याही नगरवासीयाला विचार करावयास लावील. झाड ‘जागा अडविते’ म्हणजे काय? ग्रेगरी सांगतो, की जो माणूस एखाद्या जागेवर बसून तेथले काम करीत नाही, तो स्वतः तर निष्फळ असतोच, पण दुसऱ्याला फळण्याची संधीही देत नाही. आणि तो अधिकारी असेल तर त्याची सावली खालच्या सगळ्या रोपांवर पडते. खताविषयीही तो म्हणतो, की आपल्याच जुन्या पापांची आठवण हेच ते दुर्गंधीचे खत, आणि त्यातूनच फळ येते. ऑगस्टीन काय, ग्रेगरी काय, दोघांनी येथे झाड म्हणजे ‘आपण’ असे मानले. दोघेही यहुद्यांविषयी इतरत्र कठोर लिहिण्यापासून अलिप्त नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु ह्या दृष्टांतापुढे उभे राहताना त्यांनी बोट स्वतःकडे वळविले.

आता त्याच ३८६ सालाची दुसरी बाजू. सिरियातील अंत्युखिया नगरात योहान क्रिसोस्तोम नावाचा धर्मोपदेशक होता. क्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुख. त्याच्या वाणीमुळे त्याला ते नाव पडले. त्याच्या सभेतील काही ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांच्या यहुदी सणांना जात, त्यांच्या उपवासांत भाग घेत. ते बंद पाडण्यासाठी त्याने त्या वर्षी व्याख्यानमाला सुरू केली. त्या आठ प्रवचनांत यहुद्यांविषयी जे विष आहे, ते वाचून आजचा ख्रिस्ती वाचकही मान खाली घालतो. शापित अंजिराविषयी क्रिसोस्तोमने जे लिहिले ते मात्र इतके कडवट नाही. तो म्हणतो, की झाडाला शासन करणे न्याय्य होते काय हे विचारूच नका. ख्रिस्ताच्या अंगी शिक्षा करण्याचे सामर्थ्य आहे हे शिष्यांना दिसावे, आणि तरी त्याने ते आपल्या मारेकऱ्यांवर वापरले नाही हे कळावे, म्हणून हा चमत्कार एका झाडावर केला. चमत्कार माणसावर केला नाही, हा मुद्दा त्याला दिसला होता.

परंतु एकंदर प्रवाह दुसरीकडे वाहू लागला. वाळलेले झाड म्हणजे यहुदी समाज, पाने म्हणजे त्यांचे कर्मकांड, आणि शाप म्हणजे देवाने त्यांना कायमचे टाकले ह्याची खूण, असा अर्थ प्रवचनांतून आणि भाष्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला. घरातल्या माणसाचे रागे भरणे आता परक्याच्या तोंडी आले. शब्द तेच राहिले. पण बोलणारा बदलला, की बोलण्याचा अर्थ बदलतो. आई मुलाला ‘नतद्रष्टा’ म्हणते तेव्हा त्यात ममता असते. शेजारी काठी घेऊन तोच शब्द उच्चारतो, तेव्हा ते मारामारीचे निमंत्रण असते.

ह्या काठीचे प्रहार इतिहासात नोंदलेले आहेत. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ येथील यहुदी वस्त्या कापून काढल्या. १२९० मध्ये इंग्लंडने आणि १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर काढले. धर्मसुधारक ल्यूथर ह्याने १५४३ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे जाळण्याचा सल्ला छापून प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात नाझी राजवटीने सुमारे साठ लाख यहुदी मारले. हे सर्व एका अंजिराच्या कथेमुळे घडले, असे म्हणणे हास्यास्पद होईल. राजकारण, सावकारी, वंशाचा खोटा अभिमान अशी अनेक कारणे त्यात होती. परंतु ‘हे लोक देवाने शापिलेले आहेत’ ही समजूत ज्या अनेक मुळांवर पोसली, त्यांपैकी एक मूळ हे झाड होते, हे नाकारता येत नाही.

ह्या समजुतीची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे पट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्या काळचे पोर्तुगीज आपल्या केळ्याला ‘अंजीर’ म्हणत, आणि ओर्तांनीही केळ्याचे वर्णन हिंदुस्थानचे अंजीर म्हणूनच केले आहे. त्यांचे घराणे मूळचे यहुदी, बळाने ख्रिस्ती केलेले. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, त्याचा पहिला रोख अशाच घराण्यांवर होता. ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्तांची हाडे उकरून अग्नीत टाकण्यात आली. ज्याने ह्या देशातील झाडापाल्याची ओळख युरोपला करून दिली, त्याला थडग्यातही जागा मिळाली नाही. फळ पाहून झाडाची परीक्षा करावी असे शिकविणाऱ्या धर्माच्या नावाने हे घडले.

गंमत अशी, की ज्यांना वाळलेले झाड म्हटले, त्या यहुद्यांच्या घरी अंजीर हिरवेच राहिले. बाबिलोनी तालमुदात धर्मशास्त्राच्या वचनाला अंजिराची उपमा दिली आहे. अंजिराच्या झाडाला जितक्या वेळा हात घालावा तितक्या वेळा काही तरी पिकलेले हाती लागते, तसे शास्त्राचे वचन जितके घोळावे तितका त्यात नवा रस सापडतो, असे तेथील आचार्य सांगतात. एकाच झाडाखाली दोन समाज बसले होते. एक त्याला शापित म्हणत होता, तर दुसरा रोज त्याची फळे वेचीत होता.

आणि पानाचे काय झाले? फ्लॉरेन्स शहरात मासाच्चिओ ह्या चित्रकाराने १४२५ च्या सुमारास आदाम व हव्वा बागेतून घालविले जातात त्या प्रसंगाचे भित्तिचित्र काढले. ती दोघे उघडीच आहेत, आणि त्यांचे दुःखही तसेच उघडे आहे. १६८० च्या सुमारास कोणाला ते पाहवले नाही, म्हणून त्यांच्या अंगावर पाने रंगविण्यात आली. तीनशे वर्षे ती पाने तशीच राहिली. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात चित्राची सफाई झाली तेव्हा ती पुसली गेली आणि मूळचे चित्र दिसू लागले. संस्थांनाही आपली नग्नता पानांनी झाकण्याची सवय असते. आणि पाने दूर करण्यास शतके लागतात.

ती दूर होऊ शकतात, ह्याची दोन उदाहरणे सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी १७९० मध्ये न्यूपोर्ट येथील यहुदी मंडळींना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी मीखाचेच चित्र वापरून इच्छा प्रकट केली, की अब्राहामाच्या ह्या वंशजांनी ह्या देशात आपापल्या द्राक्षवेलाखाली आणि अंजिराखाली निर्भयपणे बसावे. त्याच वॉशिंग्टनांच्या मळ्यावर गुलाम राबत होते, आणि त्यांच्या वाट्याला ही सावली आली नव्हती, हेही सांगावयास हवे. तरी एका ख्रिस्ती समाजाच्या पुढाऱ्याने यहुद्यांना शापाचे झाड न दाखविता सावलीचे झाड दाखविले, हे थोडे नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा ठराव २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केला. त्यात रोमन कॅथलिक चर्चने स्पष्ट म्हटले, की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, आणि ते देवाने टाकलेले वा शापिलेले आहेत असे शास्त्राच्या नावाने शिकवू नये. ठरावात अंजिराचा उल्लेख नाही. पण शतकानुशतके त्या झाडाचा जो अर्थ सांगितला गेला, त्याच्या मुळाशी खणण्याचे काम त्या दिवशी झाले. स्वतःच्या चुकीची आठवण हेच खत, असे ग्रेगरीने म्हटले होते. ते खत घालण्यास चर्चला बराच काळ लागला, पण त्याने ते घातले.

मराठी वाचकाला हे झाड परके नाही. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावी राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी ह्या कामी वेचली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. छपाईचे काम त्यांच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. समाजाने ज्यांना निष्फळ म्हणून बाजूस सारले होते, अशा विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली त्या सदनात होत्या. त्यांच्या हातून लूकाचा तो दृष्टांतही छापला गेला असेल, ज्यात माळी तोडू पाहणाऱ्या मालकाकडे एका वर्षाची मुदत मागतो. केडगावापासून पुरंदरचे अंजिराचे मळे फार लांब नाहीत. तेथल्या शेतकऱ्याला त्या माळ्याची विनंती टीपेवाचून समजेल. न फळणाऱ्या झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वी तोही एकदा आळे खणून, शेणखत घालून पाहतो.

श्रोतेहो, धर्मातील प्रतीके दुधारी असतात. अंजिराचे झाड म्हणजे मी, असे मानणारा ऑगस्टीन त्या झाडाखाली रडला आणि उठून उभा राहिला. अंजिराचे झाड म्हणजे तो पलीकडचा, असे मानणाऱ्यांनी कुऱ्हाडी परजल्या. हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरते खरे आहे असे आपण समजू लागलो, तर आपणही तीच चूक करू. आपल्या ग्रंथांतही निंदेची वचने आहेत, शापांच्या कथा आहेत. त्या वाचताना आपण कोणाकडे बोट दाखवितो, हे आपापल्या मनाला विचारावे. शिलोहचा बुरूज ज्यांच्यावर कोसळला ते अधिक पापी होते काय, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो आजही घरोघरी, आळोआळी विचारावा लागतो.

लूकाने दृष्टांताचा शेवट लिहिला नाही, हे आम्हांला फार बरे वाटते. माळी अजून खणतो आहे, मुदत अजून संपलेली नाही, असे मानायला त्याने जागा ठेविली आहे.